हवासाहेबांचा अंगठा आणि कलिंगडाची मोहीम

श्रोते सुज्ञ आणि वाचक चतुर, त्यांचे सेवेसी या कागदाच्या लेखकाची अर्जी ऐसी जे, थोर थोर लढायांच्या हकीकती लिहिणारे पुष्कळ जाहले, परंतु कोपऱ्यावरील भाजीच्या दुकानी आठ रोज जे युद्ध चालले, ज्यात उभयपक्षी कोणी मागे हटेना आणि टोमॅटो, नासपती व एक थोर भोपळा ऐसे मातब्बर सरदार कामी आले, त्याची दाद कोणी घेतली नाही. सबब हा कागद लिहिला असे. यात पदरचे काही घातले नाही. जे प्रत्यक्ष पाहिले ते तैसेच लिहिले, घरातील वृत्त खुद्द घरच्यांच्या तोंडून घेतले, आणि जे दुकानासमोरील शिंप्याने सांगितले त्यातून निम्मे वजा करोन लिहिले, कारण शिंपी माप ढिले घेतो आणि गोष्ट त्याहून ढिली सांगतो.

प्रथम खाशांचे वृत्त लिहिणे प्राप्त. राजमान्य राजश्री हवासाहेब हे बसच्या आगारात चाळीस वर्षे टायर तपासनीस होते. नाव त्यांचे दुसरे होते, परंतु गाड्यांची हवा तेच पाहत, म्हणोन आगारात लहानथोर त्यांस हवासाहेब म्हणत, आणि मग ते नाव घरापर्यंत आले आणि दारावरच्या पाटीखेरीज सर्वत्र रूढ जाहले. शस्त्रे त्यांची दोन, एक उजव्या हाताचा अंगठा आणि दुसरी हातभर लोखंडी सळई. पहाटे गाड्या रांगेने उभ्या राहत आणि हवासाहेब एकेका टायरावर अंगठा रोवीत पुढे जात, आणि जेथे शंका येई तेथे सळईचा टोला देऊन डोळे मिटून आवाज ऐकत, आणि मग ही जाऊ दे किंवा ही थांबव ऐसे फर्मावीत. तो हुकूम चाळीस वर्षांत कधी खोटा ठरला नाही. मग मुदत भरली, सळई आगारात जमा केली आणि हवासाहेब सेवानिवृत्त जाहले, परंतु अंगठा घरी आला आणि तो काही निवृत्त होईना. उशी दाबावी, पाव दाबावा, येता जाता सोफा दाबावा, ऐसे चालले. लेकीचा नवरा प्रथम घरी आला त्या समयी बोलता बोलता त्याचाही दंड दाबून पाहिला आणि स्वयंपाकघरात जाऊन हवा बरोबर आहे ऐसे कळविले.

भाजीपाल्याचा सुभा मात्र पहिल्यापासून सौभाग्यवती बाईसाहेबांकडे होता, आणि त्यात दुसऱ्याचा हात चालत नसे. ऐसे असता एके रविवारी बाईसाहेब स्टुलावर चढोन पंखा पुसत होत्या, तो स्टूल डगमगले आणि बाईसाहेब खाली आल्या आणि घोट्याचे हाड मोडले. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढविले आणि सहा आठवडे पाऊल जमिनीस लावू नये ऐशी सक्त ताकीद केली. त्या दिवसापासून या घरी पाय मोडल्याचा शक सुरू जाहला. पुढील सर्व मित्या त्याच शकाच्या जाणाव्या.

रोज पहिला. बाईसाहेबांच्या थोरल्या भगिनी, ज्यांस घरात ताईसाहेब म्हणतात, त्यांचा परगावाहून फोन आला, आणि फोन स्पीकरवर असल्याकारणे पुढील शब्द हवासाहेबांनी आपल्या कानांनी ऐकले.

"मी येते दोन महिने. सगळं बघते. तुझ्या नवऱ्याला भाजीतलं काय कळतंय?"

हे ऐकताच हवासाहेबांचा चहा हातच्या हाती थंड जाहला. कारण ऐसे की, मागे ताईसाहेब तीन आठवडे मुक्कामास आल्या होत्या तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी हवासाहेबांची खुर्ची खिडकीपासून उठवोन चपलांच्या फळीशेजारी रवाना केली, आणि मग दुपारचा रेडिओ जप्त केला, आणि चहाचे दोन कप मुक्रर केले, तिसरा मागता पाणी दिले. तेही सोसवले असते. परंतु नवराबायको दोन शब्द बोलू लागली की ताईसाहेब मध्ये येऊन बसत आणि काय चाललंय ऐसे पुसत, आणि मग बोलायचे ते तोंडात राही. ते मात्र हवासाहेबांस सोसवले नाही.

मग हवासाहेब पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले आणि भाजीचा सुभा आपण चालवू, कुमक बोलावू नये, ऐसा अर्ज त्यांनी गुजारला. बाईसाहेबांनी पुष्कळ विचार केला, उशी नीट केली आणि मग तहाचे कलम सांगितले ते ऐसे. "आठ दिवस बघू. पुढच्या रविवारपर्यंत भाजी नीट यायला लागली तर ताई नको. नाहीतर मी तिला बोलावणार. मला पडल्या पडल्या नासकंकुसकं खायचं नाहीये." ताईसाहेबांस हा करार कळविला, तो त्यांनी हसून मान्य केला आणि मी बॅग भरूनच ठेवते ऐसा जबाब पाठविला.

आता रणभूमीचे वर्णन. दुकान दहा फूट रुंद, पुढे हिरव्या कापडाचे छप्पर, त्याखाली पायऱ्यांसारख्या उतरत्या पेट्या, खालच्या पेट्यांत बटाटे कांदे ऐसे पायदळ आणि वर फळे, आणि आत वजनकाट्याशेजारी उंच स्टुलावर दुकानाच्या मालकीणबाई, ज्यांस अवघी गल्ली मावशी म्हणते. मावशींची नजर ऐसी की पालक निवडता निवडता मागच्या पेटीत कोणी काय उचलले ते पाठीने सांगत. पूर्वी कोणा एका गिऱ्हाइकाने पेटीभर पीच दाबून पाहिले आणि उद्या येतो म्हणोन निघोन गेला, तो अद्याप आला नाही. त्या दुःखातून मावशींनी एक कायदा केला आणि पुठ्ठ्यावर लिहून काट्यावर टांगला. जे दाबाल ते घ्याल. या कायद्यात लहानमोठा पाहत नसत. घरमालक आला तरी त्यासही लागू असे.

रोज दुसरा. हवासाहेब इस्त्रीचा सदरा चढवोन, पिशवी खांद्यास लावोन पहिल्या मोहिमेस निघाले. बाईसाहेबांनी कांदे, टोमॅटो आणि काकडी ऐसी नेमकी कामगिरी नेमून दिली होती. परंतु दुकानी पोहोचताच समोर टोमॅटोंची रांग पाहिली, आणि पहाटेच्या आगारातील गाड्यांची रांग त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि मग अंगठ्याने धन्याची वाट पाहिली नाही. तो एका टोमॅटोवर रोवला, दुसऱ्यावर रोवला, आणि ऐसे अकरा टोमॅटो तपासून तो नासपतींकडे वळला. हवासाहेब मनात ही जाऊ दे, ही थांबव ऐसे म्हणत बेहद्द खूश होते. चौथी नासपती आणि तिसरे वांगे जाहल्यावर स्टुलावरून आवाज आला.

"काका, झालं दाबून? आणा पिशवी."

हवासाहेबांनी पुठ्ठा तेव्हा वाचला. तकरार करून पाहिली की, आपण दाबले नाही, तपासले. मावशी म्हणाल्या, "तपासलं म्हणजे पसंत पडलं असेल. मग तर प्रश्नच नाही." अकरा टोमॅटो, चार नासपती आणि तीन वांगी कैद करोन हवासाहेब घरी परतले, आणि जिना चढता चढता कांदे राहिले हे ध्यानी आले. पुढे तीन रोज घरात टोमॅटो खाल्ले. बाईसाहेब फक्त एकेका टोमॅटोवरील अंगठ्याची खूण पाहून घेत होत्या.

रोज पाचवा. या खेपेस हवासाहेबांनी मनसुबा ऐसा केला की, दोन्ही हात पाठीशी बांधावे आणि पाठच्या हातांनी पिशवी धरावी. हात सांभाळले खरे, परंतु हात पाठीशी असलेल्या माणसास गर्दीत कोण विचारतो? आयाबाया डावीकडून आल्या, उजवीकडून आल्या, पालक गेला, मटार गेले, आणि हवासाहेब खांबासारखे मध्ये उभे राहिले. मैदान रिकामे जाहले तेव्हा शेवटी एक भोपळा उरला होता. तो मोठा होता, गोल होता, काळसर हिरवा होता, आणि त्याच्या अंगास उभ्या चिरा होत्या. हवासाहेबांनी मनात विचार केला की, कायदा नाजूक जिनसांचा आहे, ही तर ढाल आहे, हीस दाबले काय आणि न दाबले काय. आणि मग एकदाच, हळूच, अंगठा रोवला.

मावशींनी पुठ्ठ्याकडे बोट केले. त्यावर नाजूक हा शब्द कोठे आहे, ऐसे पुसले, आणि तो कोठेही नव्हता. लोक म्हणतात अमक्याच्या हाती भोपळा आला, येथे तो सात किलो वजनाचा प्रत्यक्ष आला. हवासाहेबांनी तो कडेवर घेऊन दोन मजले चढविला आणि पलंगाशेजारी ठेविला. बाईसाहेबांनी त्यावरून हात फिरविला, आणि मग म्हणाल्या, "अहो, आपण दोघंच आहोत." आणि मग त्यांस हसू आवरेना, प्लास्टर हलू लागले, दुखते आहे ऐसे म्हणत पुन्हा हसत. हवासाहेबांस मात्र हसू आले नाही. त्यांस बॅग भरोन ठेविलेली दिसत होती.

रोज सातवा, शनिवार. ताईसाहेबांचा फोन आला की, "उद्या दुपारची बस आहे, तिकीट बघू का?" बाईसाहेबांनी उद्या सकाळी सांगते ऐसा जबाब दिला. ते ऐकोन हवासाहेब गॅलरीत जाऊन उभे राहिले. चाळीस वर्षे ज्याच्या एका हुकुमावर शेकडो माणसांची बस निघे किंवा थांबे, त्यास चार जिनसा घरी आणता येत नाहीत, हे शल्य त्यांस फार लागले. मग बाईसाहेबांनी त्यांस आत बोलाविले आणि गुप्त मसलत केली. त्या म्हणाल्या, शत्रू मावशी नव्हे, शत्रू अंगठा. तो मोकळा असला की पिसाळतो. सबब उद्या दोन पिशव्या न्याव्या, एकेक पिशवीचे बंद एकेका हातास तीन वेढे देऊन गुंडाळावे, आणि परत येईपर्यंत सोडू नयेत. मग त्यांनी यादी लिहून दिली. मटार, पालक, बटाटे, कोथिंबीर. आणि जरा थांबून शेवटी लिहिले, कलिंगड एक, गोड.

"कलिंगड?" हवासाहेब बोलिले. "ते न दाबता कसं कळणार?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मला आठ दिवस कलिंगड खावंसं वाटतंय."

रोज आठवा, रविवार, सकाळचे नऊ. हवासाहेबांची स्वारी तिसऱ्या मोहिमेस निघाली. दोन्ही पंजे पिशव्यांच्या बंदांनी आवळलेले, यादी सदऱ्याच्या खिशात अर्धी बाहेर, आणि चालताना कोपर जरा दूर, ऐसे पाहोन शिंप्याने मशीन थांबविले आणि दारात येऊन उभा राहिला. हवासाहेब दुकानी आले, मान खाली घालोन यादीकडे खूण केली आणि अदबीने म्हणाले, "मावशी, तेवढी यादी घ्या, माझे हात अडकलेत." मावशींनी यादी ओढोन घेतली, हातांकडे पाहिले आणि त्यांस सर्व उमगले. त्यांनी मटार तोलले, पालक झटकून दिला, बटाटे निवडोन दिले, आणि एकेक जिन्नस पिशव्यांत पडू लागली तसे हवासाहेबांचे हात खाली खाली गेले. आता अंगठ्याने काही करावे म्हटले तरी त्यास अवकाश नव्हता.

मग कलिंगडाची पाळी आली. ती कोपऱ्यात जमिनीवर गवत घालोन रचली होती, पंधरा सोळा असावीत. मावशींनी वरचे उचलिले आणि हे घ्या, साखर आहे ऐसे म्हणोन पिशवीपाशी आणिले. हवासाहेबांच्या मनात आले की, घ्यावे आणि जावे. परंतु हे पांढरे निघाले तर दुपारी बस निघणार, हे ते जाणोन होते. त्यांस सळई आठवली. सळई आगारात होती, हात बांधलेले होते, परंतु कान मोकळे होते.

"मावशी," ते बोलिले, "जरा वाजवा."

"काय?"

"बोटांनी टकटक करा त्याच्यावर. मी ऐकतो."

मावशींनी नवल केले, परंतु वाजविले. हवासाहेबांनी डोळे मिटले. टण ऐसा आवाज आला, नव्या टायरात हवा फार भरली की येतो तैसा. कच्चे आहे, दुसरे घ्या, ऐसे फर्माविले. दुसरे वाजविले, तिसरे वाजविले, आणि दुकानातील बायका हातातील भेंडी तशीच धरोन ऐकू लागल्या. चौथे वाजविले तो भद ऐसा आवाज आला, आणि हवासाहेबांच्या कपाळी आठी पडली.

"हे आतून गेलंय. कोणाला देऊ नका."

हा शब्द मावशींस फार लागला. माल सकाळीच उतरला होता, त्यांनी स्वतः निवडोन घेतला होता, आणि बाहेरून कलिंगडास डाग म्हणोन नव्हता. त्या चार गिऱ्हाइकांदेखत बोलिल्या, "वीस वर्षं झाली मला या धंद्यात. माझ्या दुकानात येऊन माझा माल गेलाय म्हणता? कापते मी. चांगलं निघालं तर उद्यापासून यादी बाहेरून द्यायची, दुकानात पाय ठेवायचा नाही. चालेल?"

"चालेल. आणि खराब निघालं तर?"

"तर तुम्ही सांगाल ते माझ्या पुठ्ठ्यावर लिहीन."

ऐसा करार जाहला. टायर आणि कलिंगड यांत फरक आहे हे हवासाहेबांसही ठाऊक होते. मावशींनी सुरा काढिला, कलिंगड फळीवर ठेविले आणि मधोमध वार केला. ते दोन होऊन पडले. आत गर सुटला होता, मधे पोकळी होती, आणि आंबूस वास दुकानभर पसरला. मावशींनी दोन्ही फोडी उचलोन टोपलीत टाकिल्या, हात पुसले, आणि मग न सांगता पाचवे कलिंगड उचलोन हवासाहेबांच्या कानाशी नेले आणि वाजविले. मग सहावे. नववे वाजविले तेव्हा भरदार, खोल, धम ऐसा आवाज आला, आणि हवासाहेबांनी डोळे उघडिले.

"ही जाऊ दे," ते म्हणाले.

मावशी ते कापोन दाखवू लागल्या, परंतु हवासाहेबांनी मना केले, की हे घरीच उघडेल. दोन्ही पिशव्या हातांस लोंबत असता कलिंगड त्यांनी दोन्ही बाहूंनी छातीशी धरिले आणि दोन मजले चढोन गेले. वाटेत तीनदा थांबले, परंतु खाली ठेविले नाही.

घरी आले तो फोन स्पीकरवर चालू होता आणि ताईसाहेब बोलत होत्या की, "अगं, बस स्टँडवर आलेय. तिकीट काढू की नको, एक काय ते सांग." बाईसाहेब थांब जरा ऐसे म्हणाल्या आणि पलंगावर ताट मागविले. हवासाहेबांनी बंद सोडिले, तो पंज्यांवर लाल वळ उमटले होते. सुरी लावितांच कलिंगड आपणहून तडकले. आत गर्द लाल होते. बाईसाहेबांनी एक फोड उचलिली आणि खाल्ली, आणि रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, त्याची पर्वा केली नाही, दुसरी उचलिली.

मग बाईसाहेबांनी ओल्या हातीच फोन ओढिला. "ताई, तू नको येऊस. अगं, खरंच नको. इथं सगळं नीट चाललंय." आणि फोन ठेविला.

हवासाहेब पलंगाच्या कडेस बसले. तेव्हा बाईसाहेब ताटातील बिया एका कडेस सारीत म्हणाल्या, "मला काय ताई हवी होती होय? चाळीस वर्षं तुम्ही पहाटे गेलात ते अंधारात आलात. हे आठ दिवस तुम्ही रोज सकाळी इथं बसून विचारताय, काय आणू म्हणून. ती आली असती की ते बंद झालं असतं."

"मग आठ दिवस मला कशाला घाबरवलंस?"

"घाबरवलं नसतं तर तुम्ही ती टोमॅटोची परीक्षाच करत बसला असता."

हवासाहेबांच्या डोळ्यांस पाणी आले. ते कांदा चिरताना येते त्यातले नव्हे. मग त्यांनी आपली खुर्ची खिडकीपासून उचलोन पलंगाशेजारी आणिली आणि एक फोड घेतली.

तहाची कलमे येणेप्रमाणे अमलात आली. भाजीचा सुभा हवासाहेबांकडे बहाल जाहला, प्लास्टर उतरल्यावरही उभयतांनी वाटोन चालवावा ऐसे ठरले. भोपळा अद्याप शिल्लक आहे, त्यास बाईसाहेबांनी पाय टेकावयास घेतला आहे. मावशी शब्दाच्या पक्क्या. सोमवारी सकाळी त्यांनी पुठ्ठा खाली उतरविला आणि काय लिहू ऐसे पुसले. हवासाहेबांनी, वाजवणे म्हणजे दाबणे नव्हे, एवढेच लिहा ऐसे सांगितले. ते त्यांनी लिहिले, आणि मग पेन थांबवोन आपल्या मर्जीने खाली आणखी एक ओळ घातली. आज पुठ्ठा काट्यावर टांगला आहे तो ऐसा: जे दाबाल ते घ्याल. वाजवणे म्हणजे दाबणे नव्हे. कलिंगड वाजवून हवे असल्यास काका सकाळी नऊला येतात.

काका नऊला येतात, आणि नवाच्या आधी दहा मिनिटे दुकानापुढे माणसे उभी असतात, हे शिंप्याने सांगितले, आणि यातून मात्र काही वजा केले नाही, कारण लेखकही त्या रांगेत असतो. येणेप्रमाणे कलिंगडाची मोहीम फत्ते जाहली. लेखकास मुशाहिरा म्हणोन काकांनी वाजवोन निवडलेल्या एका कलिंगडाची एक फोड मिळाली, ती लिहिता लिहिता संपली. मोहोर जवळ नव्हती, सबब मोर्तब म्हणोन तिचीच एक बी कागदाच्या तळास चिकटविली असे.